उधार राहिलेलं दंडवत

सोमवार, २३ मार्च

बोरीच्या मठातल्या पाहुण्यांच्या खोलीच्या दाराविरुद्ध मी आज रीतसर फिर्याद दाखल करतो आहे. फिर्यादी लबीब तादरुस, वय एक्कावन्न, राहणार शुब्रा, कैरो. धंदा, साप्ताहिकातून लोकांची टर उडवणं. आरोपी, बाभळीच्या फळ्यांचं हे दार, उंची जेमतेम माझ्या छातीएवढी. दुपारपासून त्याने माझा तीन वेळा कपाळमोक्ष केला. चौथ्या खेपेला मी त्याला चकवलं आणि आत येऊन विजयाने ताठ उभा राहिलो, तर भिंतीतल्या फळीने दाराची बाजू घेतली. टेंगूळ खजुराएवढं आहे. आरोपीला पश्चात्ताप नाही.

बाकी आगमन झकास झालं. बसने वाळवंटाच्या रस्त्यावर सोडलं, तिथून मठाच्या पिकअपमध्ये कोबीच्या गोण्यांवर बसून आलो. फाटकातच अबूना यूसाबांनी गळामिठी घातली. अबूना म्हणजे इथले फादर; पाहुण्यांची व्यवस्था यांच्याकडे. एकेकाळी अस्यूतला दातांचे डॉक्टर होते. गोल, बुटके, दाढी गव्हाच्या पेंढीसारखी. म्हणाले, पूर्वी लोकांचे दात उपटायचो, आता स्वतःचा अहंकार उपटतो. दात निदान मुळासकट निघायचे. दारांची उंची मुद्दाम कमी ठेवली आहे म्हणे. मठात शिरणारा बिशप असो की भिकारी, मान खाली घालूनच शिरला पाहिजे. मी म्हटलं, मग टेंगुळांसाठी मलम तरी ठेवा. ते म्हणाले, टेंगूळ हेच मलम.

माणूस हजरजबाबी निघाला, हे मला सहन झालं नाही. त्याच वेळी मिन्याहून आलेली यात्रेकरूंची बस अंगणात रिकामी होत होती आणि यूसाब मसुराच्या आमटीची पातेली घेऊन दारातून तिरपे होऊन निघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, अबूनांची नम्रता इतकी मोठी आहे की ती दारात आडवी बसते. बस हसली. यूसाबही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

सूर्य बुडायच्या जरा आधी ते माझ्या खोलीत आले, गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हणाले, "मला तुमचा राग आला. चुकलो, क्षमा करा." इथली रीत आहे ही. मनात काही अढी आली तर सूर्य मावळायच्या आत दंडवत घालायचं, आणि ज्याला घातलं त्यानेही तिथल्या तिथे तसंच परत घालायचं. न घालणारा इथे कोणी नाही. मी मात्र सांगितलं, माझे गुडघे कैरोच्या फुटपाथांनी खाल्ले आहेत, तुमचं दंडवत सध्या उधार राहू दे. ते उठले, अंगरखा झटकला आणि म्हणाले, राहू दे, उस्ताद. पण फार दिवस ठेवू नका, त्यावर भलताच कुणी हक्क सांगतो.

आता कामाचं. मी इथे उपास करायला आलेलो नाही. बहीण इन्साफने पाठवलंय. तिचा एकुलता मुलगा बाखूम, चांगला पुलांचा इंजिनिअर, दोन वर्षांपासून इथे उमेदवार आहे. लाजराच्या शनिवारी, ईस्टरच्या आठवडाभर आधी, ११ एप्रिलला, त्याची दीक्षा. दीक्षेत उमेदवाराला वेदीसमोर आडवं निजवतात, अंगावर पडदा घालतात आणि त्याच्यावर मर्तिकाच्या प्रार्थना म्हणतात. जगाला तो मेला. उठतो तो नव्या नावाने. इन्साफने नवरा असाच पडद्याखाली पाहिला आहे. तो उठला नव्हता. ती म्हणाली, लबीब, तुझ्या जिभेने आजवर एवढ्यांचं वाटोळं केलं, एकदा तरी तिचा घराला उपयोग होऊ दे. शनिवारच्या आत त्याला घेऊन ये.

बुधवार, २५ मार्च

बाखूम भेटला. मुदपाकखान्यात आहे. वाळलाय, पण चेहरा असा की शुब्रात हा चेहरा घेऊन फिरला तर लोक विचारतील, लॉटरी लागली का. "मामा, तुम्ही आलात! कपाळाला काय झालं? दार ना? मला दोन महिने लागले." तो स्वतः दारातून पाण्यासारखा वाकून जातो.

मी हळूच विषय काढला. आई, घर, पूल. तो ऐकून घेतो, कांदे चिरत राहतो. आईची आठवण येते का, विचारलं, तर म्हणाला, रोज येते, रडतोसुद्धा, कांद्यामुळे कुणाला कळत नाही. मग हसला. इतका सुखी माणूस मी तरी साप्ताहिकाच्या जाहिरातींतच पाहिलाय. मला संशय आला. माझा अनुभव असा की कुणी कारणाशिवाय सुखी असेल तर त्यामागे कुणाचा तरी फायदा असतो. याच्या सुखात कुणाचा फायदा आहे, ते शोधायला हवं.

संध्याकाळी यूसाबांनी मठ दाखवला. बोरीचं म्हातारं झाड, चर्च, आणि तो चौकोनी बुरूज. त्याला जमिनीवर दारच नाही. समोरच्या गच्चीवरून एक लाकडी पूल थेट वरच्या मजल्यावर जातो आणि आतून साखळीने उचलून घेता येतो. पूर्वी लुटारू आले की सगळे आत शिरून पूल उचलत. मी त्यांच्या डोक्यावरच्या काळ्या कुंचीबद्दल विचारलं. मोठ्या माणसांनी तान्ह्या बाळाची कुंची घालायची, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. ते म्हणाले, लहान व्हायला म्हणूनच घालतात. मधोमध, कपाळापासून मानेपर्यंत, उभी शिवण असते. सांगतात की पहिल्यावहिल्या मठवाश्याने कुंची घातली तेव्हा सैतानाने ती ओढून दोन तुकडे केले. त्याने निमूट शिवून पुन्हा घातली. तेव्हापासून प्रत्येकाची कुंची फाटकी समजून शिवलेली. "आमच्यात नवी कोरी कुंची कुणाचीच नाही, उस्ताद. सगळ्यांना त्याने एकदा तरी ओढलेलं आहे."

शनिवार, २८ मार्च

या मठात एक तरी शहाणा माणूस आहे!

दुपारी बाराच्या सुमाराला इथे सगळं थांबतं. ऊन थेट डोक्यावर, सावल्या पायाखाली जाऊन दडतात, मठवासी आपापल्या खोल्यांत. मी चहा करत होतो, पाठ दाराकडे. वळलो तर एक अबूना आत उभे. उंच, इतके उंच की कुंची छताला लागत होती. बारीक, स्वच्छ, आवाज लोण्यासारखा. त्यांनी माझी सदरं वाचली आहेत! नुसती नाही, समजून वाचली आहेत. ट्रामवरच्या लेखातलं एक वाक्य तर मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मीच विसरलो होतो.

नाव विचारलं तर म्हणाले, नावाचा कसला अभिमान धरायचा. चहा घेतला नाही. उपवासाचे दिवस आहेत, तेही बरोबरच. मग तासभर बोलले. त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं, कारण ते माझंच होतं, फक्त मला सुचलं नव्हतं. हे जमिनीवर डोकं आपटणं म्हणजे नाटक आहे. खरा नम्र माणूस आतून वाकलेला असतो, त्याला पाठ वाकवायची गरज काय? जो सगळ्यांसमोर लोळतो त्याला सगळ्यांनी पाहावं असंच वाटत असतं. यूसाब त्या दिवशी खोलीत आले ते माफी मागायला नव्हे, मला लाजवायला. आणि बाखूम या सगळ्यांपेक्षा वरचा आहे. हे लोक ते ओळखून आहेत, म्हणून त्याला कांद्यांशी बसवलंय.

गेल्यावर जाणवलं, त्यांना आत येताना किंवा जाताना वाकलेलं मी पाहिलं नाही. चहात साखर घालत होतो. त्यांच्या उंचीला माझ्यापेक्षा जास्त टेंगळं यायला हवीत, पण कपाळ संगमरवरासारखं. सवय असणार.

मंगळवार, ३१ मार्च

काल बाखूमला सगळं सांगितलं. नाव न घेता, माझंच मत म्हणून. नाहीतरी माझंच आहे. तू यांच्यापेक्षा वरचा आहेस, पोरा. तुला दंडवत घालायला लावतात कारण तू ताठ उभा राहिलास तर ते बुटके दिसतील.

त्याने सुरी खाली ठेवली. "मामा, हे बोलू नका. हेच ऐकायला मन दबा धरून बसलेलं असतं."

मी म्हटलं, मग ऐकू दे की बिचाऱ्याला. तो हसला, पण उशिरा हसला.

आज आमटी करपली. जेवणघरात एका म्हाताऱ्या अबूनांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. इथे झापणं नवीन नाही, आणि उत्तरही ठरलेलं: चुकलो, क्षमा करा. चूक नसली तरी हेच. बाखूम उभा राहिला. गप्प. म्हातारे थांबले. सगळे चमचे थांबले. शेवटी त्या म्हाताऱ्यांनीच कुरकुरत गुडघे टेकून त्याला दंडवत घातलं. बाखूमने ते बघितलं आणि पातेलं उचलून निघून गेला.

शाब्बास, म्हटलं मी मनात. आता हा घरी येतो. दुपारी उंच अबूना आले होते तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांना आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसला नाही, खोलीत जाणवला. गारवा आला.

फक्त यूसाब रात्रीच्या जेवणाला माझ्याशेजारी येऊन बसले आणि विचारलं, उस्ताद, तुम्ही पोराशी काय बोलता? मी म्हटलं, घरगुती. ते म्हणाले, तुमचं घर कुठलं ते एकदा बघायला हवं.

शुक्रवार, ३ एप्रिल

बाखूम जेवायला येत नाही. परवापासून नाही. मुदपाकखान्यातही नाही. खोलीत असतो. मला वाटलं रुसलाय, बॅग भरत असेल. गेलो.

भिंतीला पाठ न टेकता ताठ बसला होता. म्हणाला, जेवणघरातले सगळे भूक लागते म्हणून जेवतात, किती केविलवाणं. म्हणाला, नम्रता माझ्यात इतकी मुरली आहे मामा, की ती दाखवायची गरज उरलेली नाही. मी विचारलं, घरी कधी निघायचं? त्याने माझ्याकडे पाहिलं, जसं मी भाजीवाल्याकडे पाहतो. कुठलं घर, म्हणाला. मी आता कुणाचा मुलगा नाही. आई बिचारी साधी बाई, तिला हे कळायचं नाही.

इन्साफला बिचारी म्हणायचा हक्क मी आजवर स्वतःकडे ठेवला होता.

काहीतरी हुकलंय. मी त्याला ताठ व्हायला सांगितलं ते घरी जाणाऱ्या बसमध्ये बसण्यासाठी. आणि एक गोष्ट टोचते आहे. "जसा ताडाला वारा वाकवतो आणि खांबाला नाही" हे वाक्य तो बोलला. ते उंच अबूनांचं वाक्य आहे. मी त्याला सांगितलेलं नाही. नक्की नाही.

तडक यूसाबांकडे गेलो. विचारलं, ते उंच अबूना बाखूमला केव्हा भेटतात? कोण उंच अबूना, म्हणाले. मी वर्णन केलं. ते भाकरीचं पीठ मळत होते, ते थांबले. "आमच्यात तुमच्याहून उंच कुणी नाही, उस्ताद. तुमच्याएवढासुद्धा नाही." मग हाताचं पीठ पुसत एवढंच विचारलं, त्याच्या कुंचीला शिवण आहे का?

मी काय शिंपी आहे? मी बघितलं नव्हतं.

मी हसून घालवलं. सईदी माणसं, वरच्या गावाकडची, यांना प्रत्येक बोळात भूत दिसतं. पण खोलीत परतताना विचार करत होतो की मी त्यांना फक्त दुपारीच पाहिलंय. जेव्हा कुणालाच सावली नसते.

रविवार, ५ एप्रिल

आज वाट पाहत बसलो. चहा नाही, काही नाही. खाटेवर, तोंड दाराकडे. खमसीन, वाळवंटाचा धुळीचा वारा, सुटलाय, बाहेर सगळं पिवळं.

मी बघत होतो. पापणी लवली नाही, शपथेवर सांगतो. दारात ते उभे राहिले. चौकटीची वरची लाकडी पट्टी त्यांच्या छातीशी होती. छातीच्या वरचं काही मला दिसत नव्हतं. मग ते आत होते. ताठ. मधलं काही नाही. वाकणं नाही, पाऊल नाही. जणू दारानेच मान तुकवली.

कुंची बघितली. पुढून मागे, नीट. काळीभोर, अखंड. एक टाका नाही.

ते म्हणाले, काय शोधता? मी म्हटलं, काही नाही. म्हणाले, शिवण ज्यांची फाटते त्यांना लागते. मग प्रेमाने म्हणाले, तुम्हालाही लागणार नाही, लबीब.

पहिल्यांदाच नावाने हाक मारली. मी नाव सांगितलं होतं का? सदरांवर असतंच. असतं ना.

मी क्रूस करायला हात उचलला. कपाळापर्यंत गेला. पुढे खाली, छातीकडे, येईना. खाली यायलाच तयार नाही.

ते हसले नाहीत. फार सभ्य आहेत.

मंगळवार, ७ एप्रिल

दार पराभूत! सकाळी बाहेर पडलो, डोकं आपटलं नाही. परत आत आलो, नाही. दुपारीही नाही. टेंगूळ दाबून पाहिलं, दुखत नाही. मला वाटलं, सवय झाली.

मग बुटाची नाडी सुटली आणि ती बांधायला

वाकता येत नाही. कमरेतून येत नाही. मान पण नाही. पाठीत दुखत काही नाही, फक्त नाही. उभ्यानेच बूट काढला, भिंतीला घासून.

म्हणजे मी दारातून वाकलो नव्हतो.

मी दाराकडे गेलो, हात लावून पाहिला. उंची तेवढीच आहे. छातीपर्यंत. मी चार वेळा गेलो आलो. कसा गेलो, ते आठवायचा प्रयत्न केला. बाहेर असतो, मग आत असतो. मधलं —

यावर एक विनोद सुचला होता. आता आठवत नाही. तो माझ्याच आवाजात दुसरंच कुणी सांगत होतं.

बुधवार, ८ एप्रिल

बाखूमकडे गेलो. दारं आता मला अडवत नाहीत. तो उभा होता, कुंची छताला लागलेली — त्याची दीक्षा अजून झालेली नाही. कुंची कुणी दिली?

काळीभोर. बघितली. टाका नाही.

म्हणाला, शनिवारी मला कुणी आडवं निजवायची गरज नाही. मेलो आहेच मी. शुक्रवारी संध्याकाळीच दाखवतो, बुरजावरून. खालून कुणी झेलायची गरज नाही, मी पडणारच नाही, मी इतका हलका झालो आहे. पुलांचा इंजिनिअर. वजन त्याला कळतं.

मला म्हणायचं होतं, पोरा, चल, आई वाट बघते. तोंड उघडलं. मी म्हणालो, "तू यांच्यापेक्षा वरचा आहेस."

पुन्हा म्हणायला गेलो. तेच निघालं.

लोण्यासारखा आवाज.

तोंड दोन्ही हातांनी दाबून पळालो. अंगणात यूसाब होते. बोलायला भीती वाटली, म्हणून ही वहीच त्यांच्यापुढे उघडी धरली. बोरीखाली बसून त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मसुराच्या पातेल्याच्या विनोदाशी पुन्हा हसले, डोळे पुसले. मग उठून बाखूमच्या दाराबाहेर चटई टाकून बसले. म्हणाले, उस्ताद, यापुढे एक शब्द बोलू नका. आवाज तुमच्या त्या पाहुण्याने घेतलाय. लिहा. हात अजून तुमचा आहे.

शुक्रवार, १० एप्रिल

गच्चीवर आहे. लिहितो आहे कारण बोलायचं नाही.

बाखूम दुपारी निसटला. बारा वाजता. यूसाब दारातच बसले होते, चटईवर, जागे. बाहेर पडताना दिसला नाही. आत होता, मग नव्हता. पूल आतून उचललेला. साखळीचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आता तो बुरजाच्या कठड्यावर उभा आहे, माझ्यासमोर, मधे पुलाएवढी रिकामी जागा. खाली दगड.

खाली, बुरजाच्या कडेला, दोघं मठवासी शिडी बांधताहेत. दोन शिड्या, एकीला एक. वेळ लागणार. सूर्य खाली आलाय.

यूसाबांनी त्याला इथून दंडवत घातलं. कपाळ टेकून. त्याने परत घालावं म्हणून. कठडा रुंद आहे. गुडघ्यावर आलेला माणूस पडत नाही, शिडी येईपर्यंत टिकतो. दोन वर्षं रोज घातलंय त्याने, गुडघ्यांना आपोआप येतं. पण तो हसला. म्हणाला, नाटक.

माझा शब्द.

यूसाब माझ्या कानाशी म्हणाले, "हा शब्द त्याला तुझ्याकडून मिळालाय, लेका. परत तुलाच घ्यावा लागेल. तू वाक. तू वाकलास तर तो बघेल."

मी वहीत लिहून दाखवलं: पाठ वाकत नाही.

त्यांनी वाचलं. म्हणाले, आधी माझं उधार फेड. लहान आहे. त्याने सुरुवात कर.

तो उंच इथे आहे. माझ्या मागे. सावली नाही, पण मानेला गारवा. म्हणतोय, सगळ्यांसमोर? तुम्ही? उद्या साप्ताहिकात लोक हसतील. म्हणतोय, बुटका म्हातारा तुम्हाला लाजवतोय. खरं आहे. मला लाज वाटते आहे. इतकी की —

वाटू दे.

भिंत धरली. एक गुडघा. वाळलेलं लाकूड मोडल्यासारखा आवाज, पाठीतून. दुसरा. वही जमिनीवर, लिहितो आहे. कमर येत नाही. मागून मानेला धरलंय. बोटं

यूसाबांचे पाय दिसताहेत. फाटक्या चपला. बस हसली होती तेव्हा यांचे कान लाल झाले होते. मला दिसले होते. मी बघितले होते आणि मला बरं वाटलं होतं.

कपाळ टेकलं. टेंगूळ दगडावर आलं.

दुखलं. देवा, किती दुखलं.

आवाज माझा निघाला. फाटका, घोगरा, माझा. "अबूना, चुकलो. क्षमा करा."

यूसाबांनी समोर कपाळ टेकलं. फिटलं, एवढंच म्हणाले, आणि बाजूला झाले.

आता बाखूम. तो बघतोय. हसत नाही. त्याच्या शेजारी कठड्यावर — आता तिकडे आहे तो, गारवा माझ्या मानेवरून गेलाय — दोघं उभे आहेत, दोन ताठ कुंच्या, सूर्य त्यांच्या मागे. शिडीचं टोक अजून खाली आहे.

मी पोराकडे तोंड करून पुन्हा टेकतो. कपाळातून रक्त कागदावर. पुसत नाही. मान जरा वळवून बघतोय.

बाखूमचा हात कुंचीकडे गेला. काढली. वाऱ्याने —

त्याचे गुडघे — टेकले. कठड्यावरच.